मुलांच्या नावांचा उच्चार व त्याची नोंद



पहिलीच्या वर्गात नव्याने आलेल्या बालकाला शाळेत विचारला जाणारा पहिला प्रश्न त्याच्या नावाचा असतो. त्याच्या पाटीवर आपण जो पहिला शब्द काढून देतो, तोही बहुधा त्याच्या नावाचाच असतो. अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बालकास प्रथम दिसतो तो असा स्वतःच्या नावात. ते नाव घरी एका प्रकारे ऐकू येते आणि शाळेत दुसऱ्या प्रकारे पुकारले जाते, असे झाले म्हणजे बालकापुढे दोनच निष्कर्ष उरतात. एक तर अक्षरे खोटे बोलतात, किंवा आई खोटे बोलते. यांपैकी कोणताही निष्कर्ष घेऊन ते मूल अभ्यासास बसणे इष्ट नाही.

हजेरी घेताना काही मुले ‘हजर’ म्हणत नाहीत. शिक्षक नाव पुन्हा उच्चारतात, शेजारचा मुलगा कोपराने ढोसतो, मग ते मूल खालच्या मानेने उभे राहते. असे मूल मंद अथवा लाजाळू आहे, असा समज करून घेण्यापूर्वी आपण उच्चारलेले नाव त्याचेच होते काय, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात नावांचा उच्चार कोठे चुकतो, का चुकतो व तो कागदावर कसा नोंदवून ठेवावा, याचा विचार केला आहे.

लिपीविषयीचा एक समज

‘आपली देवनागरी लिपी जशी लिहावी तशी वाचता येते, मग उच्चार निराळा लिहून ठेवण्याचे प्रयोजन काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. देवनागरी ही फार शास्त्रशुद्ध लिपी आहे, यात संशय नाही. तथापि ती मराठीचे सर्व उच्चार दाखविते, हे पूर्णांशाने खरे नाही. आपण मराठी भाषक आहोत, म्हणून लिपीतील उणीव आपण नकळत कानाने भरून काढतो. परिचित शब्दांच्या बाबतीत हे सहज साधते. अपरिचित नाव समोर आले, की कानाची मदत सुटते व केवळ अक्षर उरते. नाव हा असा शब्द आहे, की त्याचा अर्थ संदर्भावरून लावता येत नाही. वाक्यातील एखादा शब्द चुकीचा वाचला तर पुढचे शब्द आपणास सावरतात. नावापुढे केवळ दुसरे नाव असते.

च, ज आणि झ यांचे दुहेरी उच्चार

मराठीत च, ज व झ या अक्षरांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत. जिभेचा मधला भाग टाळूस लावून होतो तो तालव्य उच्चार; जसे ‘चंद्र’, ‘जय’, ‘माझी’. जिभेचे टोक दातांच्या मुळाशी नेऊन होतो तो दंततालव्य उच्चार. जसे ‘चमचा’, ‘जागा’, ‘माझा’. ‘माझा’ व ‘माझी’ हे शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहावेत, म्हणजे जिभेची जागा बदलते हे स्वतःलाच कळून येईल. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, हे दोन शब्द लिहिण्यात एक व बोलण्यात दोन आहेत.

ढोबळ नियम असा सांगता येईल, की इ, ई, ए आणि य यांच्यापूर्वी हे वर्ण बहुधा तालव्य असतात. इतर स्वरांपूर्वी संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य राहतात आणि मराठीत घडलेले शब्द बहुतेक दंततालव्य होतात. म्हणून ‘चारुलता’ व ‘जया’ ही नावे ‘चंद्र’ आणि ‘जय’ यांच्या घरातील, तर ‘चांगुणा’, ‘जाई’ व ‘झुंबर’ ही नावे ‘चांगला’, ‘जागा’ आणि ‘झाड’ यांच्या घरातील. ‘जाधव’ या आडनावातील ‘जा’ मराठी घरांत ‘जागा’तल्यासारखा म्हणतात. ‘चौधरी’ हे आडनाव मराठी कुटुंबात ‘चौदा’तल्या ‘चौ’ने सुरू होते, पण हिंदी भाषक कुटुंब तेच आडनाव तालव्य ‘चौ’ने उच्चारते. दोघांचे लेखन अक्षरशः सारखे आहे. कोणाचा उच्चार चूक, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. ज्याचे नाव त्याचा उच्चार बरोबर.

ही खूण दाखविण्यासाठी काही व्याकरणकार दंततालव्य अक्षराखाली टिंब देतात: च़, ज़, झ़. आपल्या नोंदीत हीच खूण वापरावी. परंतु ज्यास टिंबाची सवय नाही अशा शिक्षकासाठी शेजारी ओळखीचा शब्द लिहून ठेवणे अधिक उपयोगी पडते. उदाहरणार्थ, ‘जाई – जागातला ज’. ‘जया – जयमधला ज’. ही रीत चौथीतील मुलासही समजते.

लुप्त होणारा अ

देवनागरीत प्रत्येक व्यंजनात अ गृहीत धरलेला असतो. परंतु मराठी बोलताना आपण तो सर्वत्र उच्चारीत नाही. ‘अशोक’ या शब्दातील शेवटचा अ आपण म्हणत नाही. ‘कुलकर्णी’ हे लिहितो, पण म्हणतो ‘कुल्‌कर्णी’. ‘गायकवाड’चे ‘गायक्‌वाड’, ‘गणपतराव’चे ‘गण्‌पत्‌राव’, ‘ममता’चे ‘मम्‌ता’ होते. याच्या उलट ‘अनघा’ हे नाव ‘अ-न-घा’ असे तीन अवयवांनी म्हणावयाचे असते. कारण ते ‘अन्’ आणि ‘अघ’ यांचे मिळून झाले आहे. ‘ममता’प्रमाणे ते ‘अन्‌घा’ असे तोडल्यास त्याचा डौल जातो. शेवटी जोडाक्षर असेल तर अ कायम राहतो. जसे ‘सुरेंद्र’, ‘आदित्य’, ‘शौर्य’.

हा भेद आपल्या नोंदीत दोन खुणांनी दाखवावा. अवयव वेगळे करण्यासाठी आडवी रेघ आणि अ गळाला असेल तेथे पाय मोडलेले अक्षर. ‘कुल्-कर्-णी’, ‘अ-न-घा’, ‘आ-दित्-य’ असे लिहिले म्हणजे नवखा शिक्षकही अडखळणार नाही. हीच तोड पुढे पहिलीच्या मुलास स्वतःचे नाव टाळी वाजवून म्हणावयास शिकविताना कामी येते, हा आणखी एक लाभ.

अनुस्वार व काही जोडाक्षरे

अनुस्वाराचे टिंब एक, पण त्याचे उच्चार अनेक. ‘पांडुरंग’ या एकाच नावात दोन अनुस्वार आहेत. पहिला ड-पूर्वी आला म्हणून ण्‌सारखा आणि दुसरा ग-पूर्वी आला म्हणून ङ्‌सारखा उच्चारला जातो. ‘नंदा’मध्ये तो न् आहे, ‘अंबिका’मध्ये म्. पुढे य, र, ल, व, श, स, ह यांपैकी वर्ण आला, की मराठीत अनुस्वाराचा उच्चार निराळाच होतो. ‘सिंह’ आपण ‘सिंव्ह’ असे म्हणतो. ‘हंसा’, ‘संहिता’, ‘अंशुमान’, ‘संयोगिता’ ही नावे म्हणूनच एकदा मुलाच्या घरच्या माणसाच्या तोंडून ऐकून घ्यावीत.

पूर्वी ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असे अनुस्वार दिले जात. ते उच्चारात नव्हते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले, तेव्हा असे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे आजोबांच्या नोंदीत ‘गांवकर’ व नातवाच्या नोंदीत ‘गावकर’ असे आढळले, तर ती दोन आडनावे आहेत असे मानू नये. जुन्या मोडी नोंदींच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी; मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे.

‘ज्ञ’ या अक्षराचा उच्चार मराठीत ‘द्न्य’ असा होतो, तर हिंदीत ‘ग्य’ असा. ‘सुर्वे’मधील रफार आणि ‘वऱ्हाडे’मधील अर्धा ऱ हे दोन निराळे उच्चार आहेत, सूर्याचा ‘र्या’ आणि दऱ्याखोऱ्यांचा ‘ऱ्या’ एक नव्हेत. टंकलेखन करताना ‘वऱ्हाडे’चे ‘वर्हाडे’ होऊन बसते व पुढे तेच दाखल्यावर उतरते. ‘ब्रह्मानंद’ लिहितो, पण बहुतेकजण म्हणतात ‘ब्रम्हानंद’. येथे उच्चाराप्रमाणे लेखन बदलू नये.

ऱ्हस्वदीर्घाचा विवेक

‘अनिल’ आणि ‘सुनील’ ही नावे कानाला सारखीच वाटतात. कारण शेवटचा अ गळाल्यावर त्याच्या आधीचा इकार मराठीत लांबवून म्हणण्याची प्रवृत्ती आहे. कानावरून येथे निर्णय करता येत नाही. ‘अनिल’ म्हणजे वारा, त्यात ऱ्हस्व इकार. ‘सुनील’मध्ये ‘नील’ आहे, म्हणून दीर्घ. नियमाप्रमाणे व्यक्तिनामातील शेवटचा इकार किंवा उकार मराठीत दीर्घ लिहावयाचा असतो, ‘हरी’, ‘रवी’. परंतु समासात पूर्वपद म्हणून आल्यास ‘हरिश्चंद्र’, ‘रविकांत’ असे ऱ्हस्व होते.

हे नियम आपणास ठाऊक असावेत. तथापि जन्मदाखल्यावर ‘सुनिल’ असे लिहिलेले असताना आपण शुद्धलेखनाच्या हौसेने नोंदवहीत ‘सुनील’ करणे, हे मात्र उचित नाही. निबंधाच्या वहीतील शब्द आपला आहे, तो तांबड्या शाईने सुधारावा. दाखल्यावरील नाव पालकाचे आहे. ते अशुद्ध वाटल्यास पालकास समजावून सांगावे आणि त्याची इच्छा असल्यास रीतसर मार्गाने मूळ दाखलाच दुरुस्त करून आणण्यास साहाय्य करावे. दोन कागदांवर दोन रूपे निर्माण करणे ही शुद्धी नव्हे.

रोमन लिपीतील नाव

आजच्या काळात मुलाचे नाव आधारपत्रावर, बँकेच्या पुस्तकात व शासनाच्या संगणकीय नोंदीत रोमन लिपीतही लिहावे लागते. अडचणींचे मोठे मूळ येथेच आहे. रोमन लिपीत त आणि ट यांना एकच अक्षर, द आणि ड यांना एकच, न आणि ण यांना एकच, ल आणि ळ यांनाही एकच. अ आणि आ यांचा भेदही सामान्य लेखनात दिसत नाही. के, ए, एल, ई अशी चार अक्षरे लिहिली, तर तो ‘काळे’ आहे, ‘काले’ आहे, की ‘कळे’, हे वाचणाऱ्यास कळण्यास मार्ग नाही. डी, ए, टी, ई या अक्षरांत ‘दाते’ आहेत. पण इंग्रजी वाचनाची सवय असलेला मनुष्य त्यात तारीख वाचतो. एस, ए, एन, ई असे लिहिले म्हणजे साने गुरुजींचे आडनावही परक्याच्या तोंडी ‘सेन’ होते.

भारतीय नावे रोमन लिपीत उतरविण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती एकोणिसाव्या शतकात विल्यम विल्सन हंटर यांनी घालून दिली. हे तेच हंटर, ज्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाच्या बाजूने निवेदन दिले. हंटरांच्या पद्धतीत दीर्घ स्वरासाठी खूण होती, परंतु व्यवहारात ती खूण गळाली. आणि दंत्य-मूर्धन्य वर्णांचा भेद तर त्या पद्धतीतच नव्हता. गावांची नावेही या घोटाळ्यातून सुटली नाहीत. पुण्याचे रोमन रूप १९७८ मध्ये आणि मुंबईचे १९९५ मध्ये मराठी उच्चाराशी जुळते करण्यात आले.

शेवटच्या अ-ची गोष्ट आणखी निराळी. मुलगा ‘आर्य’ आणि मुलगी ‘आर्या’ यांची रोमन अक्षरे एकच होतात. ‘शौर्य’ हा मुलगा ‘शौर्या’ होऊन मुलींच्या यादीत जाऊन बसल्याचे आढळल्यास नवल नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कोणी डी-एन-वाय असे आरंभून लिहितो, कोणी जी-वाय असे, कोणी जे-एन असे. तिन्ही रूपे प्रचारात आहेत. यांपैकी कोणते शुद्ध, हा वाद शाळेत घालू नये. मुलाच्या पहिल्या अधिकृत कागदावर जे रूप आहे तेच अक्षरशः सर्वत्र लिहावे. ‘अंबिका’ एका कागदावर ‘एम’ने व दुसऱ्या कागदावर ‘एन’ने लिहिली गेली, की यंत्राच्या दृष्टीने त्या दोन मुली झाल्या. विद्यार्थ्याचा ‘अपार’ क्रमांक काढताना शाळेतील नाव आधारपत्राशी जुळावे लागते. शिष्यवृत्तीची रक्कम ज्या खात्यात जावयाची, त्या खात्यावरील नावाचीही तीच गोष्ट. एका अक्षरासाठी रोजगार बुडवून तालुक्यास खेटे घालणारा पालक आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे.

रोमन रूप उच्चार सांगत नाही, ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली म्हणजे उच्चाराची नोंद देवनागरीत स्वतंत्र ठेवण्याची आवश्यकता पटते. रोमन रूपावरून देवनागरी नाव कधीही तयार करू नये. संगणकातील रोमन यादी समोर ठेवून हजेरीपट मराठीत उतरवून काढणे हा अनेक चुकांचा उगम आहे.

अन्य भाषांतील व समाजांतील नावे

आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांतून केवळ मराठी नावे येत नाहीत. जत व अक्कलकोट तालुक्यांत कन्नड, सिरोंचा भागात तेलुगू, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली व पावरी बोलणारी मुले आपल्या वर्गांत बसतात. कन्नड आणि तेलुगूमध्ये ए व ओ या स्वरांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आहेत. मराठीत ते लिहिण्याची सोय नाही. ‘होन्नप्पा’मधील ‘हो’ आणि ‘चेन्नव्वा’मधील ‘चे’ आखूड म्हणावयाचा असतो. ‘बसवराज’ हे नाव आपण ‘बसव्‌राज’ असे म्हणतो. कन्नड घरात ‘ब-स-व-राज’ असा व-मधील अ स्पष्ट ऐकू येतो.

उर्दू व अरबी मूळ असलेल्या नावांत फ हा ‘फळ’ शब्दातल्याप्रमाणे ओठ मिटून न म्हणता, वरचे दात खालच्या ओठास टेकवून म्हणावयाचा असतो. जसे ‘फातिमा’, ‘फरीदा’. ‘जमील’मधील ज तालव्य आहे, तर ‘जमीर’मधील ज घासून म्हणावयाचा आहे, मराठी लेखनात दोन्ही सारखे दिसतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘अब्दुल’ हे पूर्ण नाव नव्हे. त्याचा अर्थ ‘चा सेवक’ एवढाच होतो. ‘अब्दुल रहीम’ हे दोन शब्द मिळून एक नाव आहे. त्याचे तुकडे करून ‘अब्दुल’ हे मुलाचे नाव व ‘रहीम’ हे वडिलांचे नाव असे रकाने भरणे सर्वथा चूक होय.

आदिवासी वस्त्यांत वारांवरून नावे ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी. मराठीत ‘राम’चे ‘राम्या’ केले म्हणजे त्यात सलगी किंवा अनादर असतो. त्यावरून ‘बुध्या’ हेही बिघडलेले रूप असावे, अशी समजूत करून घेऊन काही ठिकाणी शिक्षकांनी आपल्या मते चांगली नावे लिहिली. सोमाचा सोमनाथ झाला, मंगळीची मंगला झाली. हेतू चांगला असेल, परंतु परिणाम असा झाला, की मुलाचे शाळेतील नाव त्याच्या वस्तीतील कोणालाच ठाऊक नाही आणि जातीच्या दाखल्याच्या वेळी घरचे व शाळेचे नाव जुळत नाही. जे नाव आईबापांनी ठेवले तेच पूर्ण नाव आहे काय, हे विचारावे. ‘होय’ असे उत्तर आल्यास तेच लिहावे आणि आदराने पुकारावे. उलट, मराठी घरातील रामास शाळेत ‘राम्या’ म्हणून हाक मारण्याची सवय असल्यास ती सोडावी.

बोलीचा भेद हा दोष नव्हे. वऱ्हाडात ळ-चा य होतो, अनेक भागांत ण-चा न होतो. ‘काळे’ आडनावाचे मूल स्वतःस ‘काये’ म्हणवून घेईल, ‘गणपत’ आपणास ‘गनपत’ म्हणेल. लेखन दाखल्याप्रमाणे करावे. परंतु वर्गात त्याच्या उच्चाराचे अनुकरण करून हशा पिकविणे हे शिक्षकाच्या पदास शोभणारे नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. नावाची थट्टा ही या छळापासून फार दूर नाही. ज्या कुटुंबाने आपले जुने आडनाव टाकून नवे घेतले आहे, त्याच्या मुलास जुन्या आडनावाने पुकारणे हेही तितकेच गैर आहे.

उच्चारवही कशी ठेवावी

यासाठी निराळ्या खर्चाची गरज नाही. शंभर पानी साधी वही घ्यावी व तिला ‘उच्चारवही’ असे नाव द्यावे. तिच्यात पाच रकाने आखावेत: दाखल्याप्रमाणे नाव, रोमन रूप, आधारपत्राप्रमाणे, उच्चार, अवयव तोडून, ओळखीचा शब्द किंवा खूण, आणि हा उच्चार कोणाकडून ऐकला. नोंद घेताना पुढील क्रम पाळावा.

१. कागद हाती घेण्यापूर्वी पालकास पूर्ण नाव सावकाश दोन वेळा म्हणावयास सांगावे. कागद आधी पाहिला, की कान अक्षरांच्या मागे जातो.

२. ऐकलेला उच्चार अवयव तोडून लिहावा. जेथे अ गळतो तेथे अक्षराचा पाय मोडावा. दंततालव्य च, ज, झ यांच्याखाली टिंब द्यावे. आखूड ए-ओ असल्यास तसे शब्दांत लिहावे.

३. आपण लिहिलेले नाव मोठ्याने वाचून दाखवावे व ‘बरोबर आहे काय?’ असे पालकास आणि मुलासही विचारावे. संकोचाने मान डोलावणारे पालक पुष्कळ असतात; म्हणून ‘घरी आजी कशी हाक मारते?’ असेही विचारावे.

४. त्यानंतर जन्मदाखला पाहून नाव अक्षरशः उतरवावे. उच्चार व दाखला यांत तफावत आढळल्यास ती शेवटच्या रकान्यात नमूद करावी. नोंदवहीत मात्र दाखल्याप्रमाणेच लिहावे.

५. पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना ही वही हजेरीपटाशेजारी ठेवावी. मुलाने उच्चार सुधारला तर त्याचे आभार मानावेत व त्याच वेळी नोंद दुरुस्त करावी.

नमुन्यादाखल काही नोंदी अशा होतील:

चांगुणा: चां-गु-णा; ‘चांगला’तला च़.

चारुलता: चा-रु-ल-ता, ‘चंद्र’मधला च.

बनसोडे: बन्-सो-डे, न-मधील अ नाही.

होन्नप्पा: होन्-नप्-पा; ‘हो’ आखूड.

आर्य: आर्-य, शेवटी ‘या’ नाही, मुलगा.

शिक्षकाची बदली झाली, रजेवर जाणे झाले, तर ही वही नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात, तेव्हा मूल मधूनच दुसऱ्या शाळेत दाखल होते. त्या शाळेत त्याला ओळखणारे कोणी नसते. त्याच्या शिक्षण हमी कार्डासोबत उच्चाराची एक ओळ साध्या चिठ्ठीवर लिहून दिली, तर परक्या गावातील पहिल्या दिवशी निदान त्याचे नाव तरी त्याच्या ओळखीचे राहील.

नोंदवहीचे आयुष्य

शाळेच्या सामान्य नोंदवहीतील नोंद ही केवळ त्या वर्षापुरती नसते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला व त्याची पडताळणी या सर्वांस ती आधार होते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा राज्यभर शोध घेण्यात आला, तेव्हा कित्येक दशकांपूर्वीच्या शालेय नोंदवह्याही पुन्हा उघडल्या गेल्या. त्या काळच्या शिक्षकाने बोरूने लिहिलेला एक शब्द पणतवाच्या उपयोगी पडला किंवा पडला नाही. नोंदवहीतील नाव मुख्याध्यापकास आपल्या अधिकारात बदलता येत नाही, त्यास सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागते, याचे कारण हेच.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत सुधारित कायद्यान्वये शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा ठरला आहे. तसेच १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांचे नाव महाराष्ट्रात बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशा क्रमाने लिहावयाचे आहे. ही मुले पहिलीत येतील तेव्हा प्रत्येक नोंदीत आईच्या नावाचीही भर पडलेली असेल. त्या नावाचाही उच्चार तितक्याच काळजीने विचारून घ्यावा. पुष्कळ मातांचे माहेरचे नाव एक व सासरचे दुसरे असते. कोणते लिहावयाचे, हे त्यांनाच विचारावे.

वर सांगितलेले काम एका मुलामागे फार तर पाच मिनिटांचे आहे. तीस मुलांच्या वर्गास अडीच तास लागतील. वर्षभर दररोज हजेरीच्या वेळी जे नाव आपण उच्चारणार, त्यासाठी अडीच तास हा अधिक वेळ नव्हे. पट भरावयाचे दिवस जवळ येत आहेत. त्यापूर्वी प्रत्येक शाळेने उच्चारवही आखून तयार ठेवावी. विस्तार अधिकारी शाळाभेटीस येतील तेव्हा ती पाहतीलच. परंतु तिची खरी तपासणी मुलेच करतील. ज्या वर्गात पुकारलेल्या प्रत्येक नावाला पहिल्याच हाकेस ओ मिळते, त्या वर्गाची उच्चारवही बरोबर आहे असे समजावे.